हिमालयात, मैत्रिणींबरोबर, नुसतं फिरायला

(संघाच्या वार्षिक मेळाव्यात भोर आणि वेल्हे तालुक्यातल्या गटांसमोर झालेलं भाषण. बोलणं शक्यतो बोललं तसंच ठेवलं आहे.)



सकाळपासून कर्जफेडीवर बोलून झालं, विम्यावर बोलून झालं. माझा विषय पुकारला तेव्हा मागच्या रांगेत हसू फुटलं, ते मी ऐकलं बरं का. विषय आहे सहलीचा, आणि तीही हिमालयातल्या. हसलात ते बरंच झालं. आधी त्या हसण्यावरच बोलू.

माहेर, बाळंतपण, लग्नकार्य आणि दवाखाना सोडून घराबाहेर रात्र काढलेल्या किती जणी आहेत? हात वर करा. आहेत की, बऱ्याच आहेत. आता कशासाठी गेला होता ते सांगा. मांढरदेवीला. पंढरपूरला. तुळजापूरला. तिकडून कोण म्हणालं, राळेगणसिद्धीला? बरोबर, अभ्यास दौऱ्याला. हिवरेबाजारलाही गेल्यात काही जणी. म्हणजे बाईला उंबऱ्याबाहेर पडायला दोनच कारणं चालतात. एक देव आणि दुसरा अभ्यास.

देवाला जाऊ नका असं मी म्हणत नाही. मीही जाते. पण खरं सांगा, काळुबाईला निघालेल्या टेम्पोत अर्धा वेळ काय चालतं? गाणी, उखाणे, एकमेकींची चेष्टा, कुणाच्या तरी डब्यातली चटणी. आणि पाणलोट बघून आलात त्यातलं आज काय आठवतंय? गाडीतल्या भेंड्या! मजा आपण करतोच. फक्त ती दुसऱ्याच्या नावावर करतो.

तुम्ही म्हणाल, त्याने काय बिघडलं? मजा झाल्याशी कारण! बिघडतं ते असं. देवाच्या नावाने निघालं की तारीख आपली नसते. बरोबर कोण येणार तेही आपण ठरवत नाही, सासूबाईही येतात आणि मालकही येतात, आणि मग चहा कुणी आणायचा ते ठरलेलंच. ऐन वेळी पाळी आली की पिशवी भरून ठेवलेली बाई मागे राहते. असं किती जणींचं झालंय ते मी विचारत नाही, तुमच्या चेहऱ्यांवर दिसतंय. फिरायला म्हणून निघालं तर पाळी आली म्हणून काय करायचं? पिशवीत चार पॅड जास्तीचे टाकायचे, झालं. शिवाय आपल्या गटांत मुस्लिम ताया आहेत, बौद्ध ताया आहेत. बचतीला त्या आपल्या बरोबरीच्या आणि फिरायला निघाल्यावर मात्र बाजूला, हे गटाला शोभत नाही.

सरकारनेही २०२४ साली योजना काढली, मुख्यमंत्री तीर्थदर्शन. साठीच्या पुढच्यांसाठी, माणशी तीस हजारांपर्यंत. चांगली आहे, ज्या बसतात त्यांनी जरूर फॉर्म भरा. पण नाव बघा, तीर्थदर्शन. चाळिशीतल्या बाईला चार मैत्रिणींबरोबर नुसतं बर्फाकडे बघत बसायचंय, त्यासाठी कुठलीच योजना नाही. ती आपली आपणच करायची आहे, आणि मला वाटतं ती करायला लागतं ते सगळं गटाकडे आधीपासून आहे. पैसे साठवणं, हिशोब लिहिणं, एकमेकींवर भरवसा. पंधरा-वीस वर्षं आपण दुसरं काय शिकलो?

आता हिमालयच का, महाबळेश्वर का नाही? महाबळेश्वरलाही जा. पण मला एक गंमत वाटते. शनिवार-रविवारी पुण्याची पोरंपोरी गाड्या भरभरून आपल्याकडे येतात. तोरण्यावर, राजगडावर, रायरेश्वरावर. कशासाठी? मजेसाठी. गडाच्या पायथ्याला आपल्यातल्या काही जणी त्यांना पिठलं-भाकरी आणि ताक विकतात. आपण जन्मभर डोंगरात राहतो, पण डोंगराकडे बघतो ते लाकूडफाटा, गवत आणि करवंदं म्हणून. डोक्यावर मोळी असली की मान वर करून बघता येतच नाही. एकदा तरी डोक्यावर काही न घेता डोंगरात उभं राहायचं, तर ते आपल्या डोंगरात जमणार नाही. इथे नजर आपोआप सरपणाकडेच जाईल.

आणि तो डोंगर आहे तरी केवढा! आपला तोरणा १,४०३ मीटर. नंदादेवीचं शिखर ७,८१६ मीटर. म्हणजे साडेपाच तोरणे एकावर एक ठेवायचे. कौसानी नावाच्या गावात सकाळी चहाचा कप हातात घेऊन अंगणात उभं राहिलं आणि आभाळ स्वच्छ असलं, की ते शिखर दिसतं. चढायचं काही नाही. नुसतं बघायचं.

ही नंदादेवी तुम्हाला आवडेल. तिथले लोक तिला आपली लेक मानतात. तिचं सासर कैलासावर. माहेरवाशीण म्हणून ती खाली येते आणि मग सगळं गाव रडत रडत तिला सासरी पोचवायला निघतं. बारा वर्षांतून एकदा ती मोठी यात्रा निघते, २०१४ साली निघाली होती. दरवर्षीचा उत्सव भाद्रपदातल्या अष्टमीला, म्हणजे आपल्याकडे गौरी येतात त्याच सुमाराला. अल्मोड्याला तेव्हा मोठी जत्रा भरते. आपण तीन दिवसांच्या गौरीला भाजी-भाकरीचा आणि पुरणाचा नैवेद्य करून निरोप देतो, ती कळ त्यांना अशीच माहीत आहे. इतक्या लांबच्या बायका, भाषा वेगळी, पण हे सांगितलं की लगेच डोळ्यांत पाणी.

भाकरीचं म्हणाल तर तिथे मंडुवा पिकतो. मंडुवा म्हणजे आपली नाचणी. त्याची रोटी चुलीवर करतात, जाड. झंगोरा म्हणून एक धान्य आहे, ते आपल्या वरईच्या जवळचं. आपल्या बायका पहिल्या दिवशी "इथं भाकरी मिळंल का वं?" असं विचारतात आणि संध्याकाळी त्या घरातल्या बाईच्या चुलीपाशी बसून स्वतः थापायला लागतात. तिथल्या बायका गवताचा भारा पाठीवर वाहतात, डोक्यावर नाही. त्यावर दोन्हीकडून चर्चा होते की कुठलं बरं. मान दुखणं बरं की पाठ दुखणं बरं!

गौरादेवीचं नाव काही जणींनी ऐकलं असेल. रेणी गावची, शाळा न शिकलेली, तरुणपणीच नवरा गेलेला. गावच्या महिला मंगल दलाची प्रमुख होती, म्हणजे आपल्या भाषेत गटप्रमुखच. २६ मार्च १९७४ ला गावातली पुरुषमंडळी बाहेरगावी गेलेली असताना ठेकेदाराची माणसं झाडं तोडायला आली. ही बायकांना घेऊन जंगलात गेली आणि म्हणाली, आधी आम्हाला तोडा. माणसं परत गेली. चिपको म्हणून जगभर गाजलं ते हेच. रेणी गढवालात आहे आणि मी सांगतेय तो भाग कुमाऊँचा, तेव्हा या सहलीत ते गाव येणार नाही. पण कुठल्या बायकांच्या मुलखात चाललोय ते माहीत असलेलं बरं.

आता कामाचं बोलू. पहिलं पैशाचं, कारण तिथेच गाडी अडते.

एक गोष्ट मी ठासून सांगते. फिरण्यासाठी गटातून कर्ज काढू नका. काही जणींना हे पटणार नाही. त्या म्हणतील, लग्नातल्या मानपानाला, जावळाच्या जेवणाला कर्ज काढतो तेव्हा कुणी विचारत नाही, मग बाईच्या फिरण्यालाच का? मुद्दा खरा आहे. मलाही तो राग येतो. तरी पण नको. फिरून आल्यावर दर महिन्याला हप्ता भरताना तीच सहल घरात टोचून दाखवली जाते. आधी साठवा आणि मग जा, म्हणजे परत आल्यावर कुणाचं काही ऐकायचं राहत नाही.

साठवायचं कसं? गटाच्या नेहमीच्या बचतीत हे पैसे मिसळू नका, नाहीतर कुणाच्या तरी अडचणीला ते कर्जात जातील आणि वेळेवर हातात येणार नाहीत. जाणाऱ्यांनी बँकेत वेगळं आवर्ती खातं काढायचं. आगगाडीचा स्लीपरचा डबा, जीप, साधी राहण्याची जागा, घरगुती जेवण, असे दहा-अकरा दिवस धरले तर माणशी पंधरा हजारांचा अंदाज घेऊन चाला. महिन्याला ५०० टाकले तर अडीच वर्षांत होतात. ज्यांना लाडक्या बहिणीचे १,५०० येतात त्यांना त्यातले ५०० बाजूला काढता येतील, पण योजना आज आहे म्हणून सगळी भिस्त तिच्यावर ठेवू नका. अंड्यांचे, दुधाचे, भाजीचे, मजुरीचे, कुठले का असेनात, आपल्या हातात येणारे असावेत. अडीच वर्षं म्हणजे फार वाटतात ना? पण त्या अडीच वर्षांतही सहल चालूच असते. दर महिन्याच्या मीटिंगला ५०० भरले की पाच मिनिटं त्याच्यावर बोलणं होतं. कुठे जायचं, काय न्यायचं, कोण घोरतं.

गटात एखादी अशी असते की तिला ५०० जड जातात. तिचं काय? तिला सोडून जायचं ठरलं तर गटात आयुष्यभराची आढी बसते, हे मी बघितलंय. उगाच दया दाखवून तिचे पैसे सगळ्यांनी भरले तर तिला खाली बघावं लागतं. त्यापेक्षा सगळ्यांनी मिळून एक काम घ्यायचं. दिवाळीत फराळाची ऑर्डर, हातसडीचा तांदूळ, जत्रेत भेळेचा स्टॉल. त्याचा नफा सगळ्यांच्या नावावर सारखा. मग तिला ५०० ऐवजी ३०० भरून भागतं, आणि बाकीच्यांचंही ओझं हलकं होतं.

दुसरं, वेळ. आपलं वर्ष भाताचं. एप्रिलमध्ये राब भाजायचा, मृगाला पेरणी, जुलैत लावणी, तेव्हा श्वास घ्यायला वेळ नसतो. देवाची करणी अशी की जुलै-ऑगस्टमध्ये हिमालयात जाऊच नये. पावसात दरडी कोसळतात, रस्ते दोन-दोन दिवस बंद पडतात. २०१३ च्या जूनमध्ये केदारनाथला काय झालं ते आपण टीव्हीवर बघितलंय. पाऊस संपल्यावर, ऑक्टोबरात, तिकडचं आभाळ धुतल्यासारखं होतं आणि शिखरं सगळ्यांत स्वच्छ दिसतात. आपल्याकडे दसरा झाल्यावर इंद्रायणी कापणीला यायच्या आधी थोडे दिवस हात मोकळे असतात. तेच दिवस धरायचे. ज्यांचं हळवं भात आहे त्यांची तेव्हा कापणी असते, त्यांनी मे महिन्यात जावं. मात्र मेमध्ये गाड्यांना गर्दी फार, लग्नंही तेव्हाच, आणि धुरकट हवेत शिखरं दिसतीलच असं नाही.

तिसरं, म्हैस. हसू नका. मी आजवर ज्या-ज्या बाईला विचारलं की का येत नाहीस, तिने आधी नवऱ्याचं नाव घेतलं आणि पाच मिनिटांनी खरं कारण सांगितलं, "धारा कोण काढणार?" आमच्या ओळखीच्या एक एकल ताई म्हणाल्या, "मला नको म्हणणारंबी घरात कुणी नाही आन् म्हैस सांभाळणारंबी कुणी नाही." यावर उपाय आपल्याच बापजाद्यांनी करून ठेवलाय. लावणीला आपण इरजिक करतो, सावड करतो, आज तुझ्या खाचरात तर उद्या माझ्या. तशीच सहलीची सावड. गटाच्या दोन तुकड्या करायच्या. यंदा दहा जणी जाणार, तर राहिलेल्या दहा त्यांच्या धारा काढणार, दूध डेअरीला घालणार, म्हाताऱ्या सासऱ्यांना गोळी दिली का ते बघून येणार. पुढच्या खेपेला उलट. आणि हे ठरावाच्या वहीत लिहायचं, कुणाच्या घरी कोण. नुसतं "बघू गं मी" यावर म्हशी सोडून जाऊ नका.

आता घरी सांगायचं कसं. मी "परवानगी मागा" म्हणत नाही, "सांगा" म्हणतेय. आणि आदल्या आठवड्यात नाही सांगायचं. खातं उघडाल त्या दिवशी सांगा. अडीच वर्षांची सवय झाली की घरातलेच लोक शेजारी सांगायला लागतात, आमची हिमालयात जाणार आहे म्हणून. पहिल्या दिवशी मात्र ऐकून घ्यावं लागतं. "या वयात काय सुचलंय?" "लोक काय म्हणतील?" वयाचं उत्तर माझ्याकडे तयार आहे. बचेंद्री पाल या उत्तरकाशीजवळच्या खेड्यातल्या, १९८४ साली एव्हरेस्टवर पोचल्या, भारतातल्या पहिल्या बाई. त्याच बचेंद्री पाल २०२२ साली, पन्नाशी ओलांडलेल्या बायकांची तुकडी घेऊन अरुणाचलापासून लडाखपर्यंत हिमालय पायी चालल्या. कित्येक महिने! आपण तर जीपने जाणार आहोत. लोकांचं उत्तर माझ्याकडे नाही. लोक बोलतात. गट सुरू केला तेव्हाही बोलले होते.

सासूबाई आणि सून एकाच गटात असतील तर काय करायचं, हा प्रश्न दर वेळी येतो. माझं मत, दोघींनी वेगवेगळ्या तुकडीत जावं. दोघींनाही सुट्टी मिळते.

जायचं कसं ते सांगते, वहीत लिहून घ्या. आपल्या गावाहून स्वारगेटपर्यंत एसटी, अर्धं तिकीट. रेल्वेत तसली सवलत नाही. पूर्वी ५८ वर्षांपुढच्या बायकांना निम्मी सूट होती, ती मार्च २०२० पासून बंद आहे. रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं, त्यामुळे दसऱ्यानंतर निघायचं तर ऑगस्टमध्येच कामाला लागा. ऑनलाइन काढताना एका तिकिटावर सहाच नावं बसतात. बारा जणी असाल तर दोन तिकिटं, दोन्ही एकाच वेळी दोघींनी काढायला बसायचं, म्हणजे डबा एक मिळायची शक्यता वाढते. नाव आधारवर आहे तसंच घाला. माहेरचं एकीकडे, सासरचं दुसरीकडे, असं आपल्यात फार असतं, ते आधीच तपासा. वय खरं घाला. ४५ च्या पुढच्या बायकांना शिल्लक असेल तर खालचा बर्थ देतात, तिथे वय लपवून तोटाच आहे.

पुण्याहून दिल्ली. दिल्लीला एक दिवस हातात ठेवाच, लगेच पुढची गाडी धरायची घाई नको, गाड्यांना उशीर होतो. लाल किल्ला बघा, तेवढ्यात अंघोळ-पांघोळ होते. मग जुन्या दिल्लीहून रात्रीच्या राणीखेत एक्सप्रेसने पहाटे काठगोदाम. रूळ तिथे संपतात, पुढे घाटच घाट. पहिला मुक्काम अल्मोड्याला करा. तिथली बाल मिठाई खा, खव्याची असते, वरून पांढरे साखरेचे दाणे. तिथून कौसानी पन्नासेक किलोमीटर. १९२९ साली गांधीजी कौसानीला राहिले होते, ती जागा आता अनासक्ती आश्रम म्हणून आहे, तिच्या अंगणातून शिखरांची रांग दिसते. पहिल्यांदाच जाणाऱ्या किंवा गुडघे बोलणाऱ्या गटाने कौसानीलाच चार दिवस राहावं. धावपळ करून सात गावं बघण्यापेक्षा एका गावात चार सकाळी मिळाल्या तर त्या घरी परत आल्यावरही पुरतात.

दम असेल त्यांनी पुढे मुनस्यारीला जावं. काठगोदामपासून पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास, एका दिवसात करू नका. समोर पंचाचुली, पाच शिखरं शेजारी शेजारी. द्रौपदीने पाच पांडवांसाठी पेटवलेल्या त्या पाच चुली, असं तिथले लोक सांगतात. इतकं उंच जाऊनही बाईला चूल सुटली नाही, असं मी म्हटलं तर आमच्यातली एक म्हणाली, "पण आता त्या विझलेल्या हायत, बघा की बर्फ पडलाय!"

मुनस्यारीला लागून सरमोली नावाचं गाव आहे. तिथे माटी नावाची बायकांची संघटना आहे, आणि त्या बायका आपापल्या घरात पाहुणे ठेवतात. त्यांच्या घरात राहायचं, त्या करतील ते जेवायचं. २०२३ साली केंद्राच्या पर्यटन खात्याने या गावाला उत्तम पर्यटन गाव म्हणून निवडलं. मला माहीत आहे, आता तुमच्यातल्या चार जणी मनात म्हणाल्या की हे आपल्याकडे तोरण्याच्या पायथ्याला करता येईल. येईल ना. पण या सहलीत वही काढून प्रश्न विचारत बसू नका. त्यासाठी वेगळा अभ्यास दौरा काढू. इथे पाहुणी म्हणून राहा. कुणीतरी ताट वाढून दिलंय आणि आपण बसून जेवतोय, याचीच आपल्याला इतकी सवय नसते की पहिल्या दिवशी सगळ्या जणी उठून भांडी घासायला जातात.

तब्येतीचं थोडं. कौसानी, मुनस्यारी अडीच हजार मीटरच्या आत आहेत, तिथे विरळ हवेचा त्रास सहसा होत नाही. केदारनाथचं तसं नाही. ते ३,५८३ मीटरवर आहे, तिथे श्वासाला प्राणवायू जवळजवळ एक तृतीयांश कमी मिळतो. डोकं दुखतं, मळमळतं, धाप लागते. तिकडे जायचं तर मध्ये मुक्काम करत सावकाश जा आणि बीपी-शुगर असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. आपल्या रोजच्या गोळ्या दुप्पट घ्या आणि दोन पिशव्यांत वाटून ठेवा, एक पिशवी हरवली तरी चालेल अशा. ज्यांना वरंध घाटात गाडी लागते त्यांना तिथे लागणारच. पुढे बसायचं, पोट अगदी रिकामं नाही आणि तट्टही नाही, गोळी अर्धा तास आधी.

आणि पाणी प्या. हे मी मुद्दाम सांगते, कारण आपण बायका प्रवासात पाणी पीत नाही. संडासची सोय नसेल म्हणून सकाळपासून घोटभर पाण्यावर दिवस काढतो. थंडीत तहान कळत नाही, डोकं धरतं, लघवीला जळजळ होते, आणि मग सहलीचे दोन दिवस अंथरुणात. जीपवाल्याला पहिल्याच दिवशी सांगायचं, दर दोन तासांनी गाडी थांबेल. लाजायचं नाही. पैसे आपण दिलेत.

कामं वाटून घ्या. एकीकडे पैसे, एकीकडे तिकिटं आणि आधारच्या झेरॉक्स, एकीकडे औषधं. आणि एक मोजणारी, ती फक्त डोकी मोजणार. गाडीत चढल्यावर, उतरल्यावर, चहा पिऊन उठल्यावर. प्रत्येकीची एक जोडीदारीण, संडासलाही दोघींनी जायचं. संध्याकाळी दहा मिनिटं मीटिंग, त्या दिवसाचा खर्च वहीत, सगळ्यांसमोर वाचून. रोख रक्कम बरोबर ठेवा, डोंगरात रेंज नसली की फोनवरून पैसे जात नाहीत. आणि घरी फोन दिवसातून एकदाच. भाजी कुठल्या डब्यात आहे ते सांगायला चार वेळा फोन केलात तर तुम्ही स्वयंपाकघरातच आहात, हिमालयात नाही.

प्रश्न विचारा आता. हां, बोला ताई. थंडीत साडीचं काय? बरं झालं विचारलंत. ऑक्टोबरात रात्री चांगली थंडी असते. साडी नेसायची तर आत गरम पायजमा आणि पायांत मोजे हवेतच, आणि निऱ्या थोड्या वर. पण चालायला, जीपमध्ये चढायला पंजाबी ड्रेस सोपा. आयुष्यात कधी घातला नसेल तर निघायच्या महिनाभर आधीपासून मीटिंगला घालून या, म्हणजे अवघडलेपण जाईल. स्वेटर नवीन घेऊ नका, पुण्यात शिकणाऱ्या पोरांचे जुने मागून घ्या. बूट मात्र स्वतःचे, आणि घरी पंधरा दिवस घालून सैल केलेले. काय म्हणालात? बूट घालून शेतावर गेलं तर लोक हसतील? हसू द्या की, पंधराच दिवस.